घरशाळा चालवायची, तर ती घराने चालवावी

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे आणि त्याच घरात बसून अर्थार्जनाचे कामही करायचे, असा मार्ग स्वीकारणाऱ्या कुटुंबांची चर्चा अलीकडे पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतील मध्यमवर्गीय वस्त्यांत वरचेवर ऐकू येते. पूर्वी हा विषय चार विक्षिप्तांचा किंवा हौशी मंडळींचा समजला जात असे. मार्च २०२० मध्ये शाळांना आणि कार्यालयांना एकाच वेळी कुलूप लागले आणि ज्याची कोणी कल्पनाही केली नव्हती, तो प्रयोग लक्षावधी घरांवर लादला गेला. एका खोलीत वडिलांची कार्यालयीन बैठक, दुसऱ्या खोलीत मुलाचा वर्ग आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर आईचा लॅपटॉप, हे दृश्य त्या काळात घरोघरी दिसले. शहरांतील पहिली-दुसरीच्या मुलांना पुन्हा वर्गात बसण्यासाठी डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. त्यानंतर शाळा पूर्ववत सुरू झाल्या, परंतु काही घरांत तो प्रयोग थांबला नाही. सक्तीने आलेली गोष्ट काहींनी विचारपूर्वक स्वीकारली, तर काहींनी ती नव्याने सुरू केली.

या कुटुंबांची टिंगल करण्याचे काहीच कारण नाही. त्यांच्या निर्णयामागची कारणे बहुधा खरी असतात. सहा-सात वर्षांचे मूल रोज दोन-अडीच तास बसमध्ये घालवते, न समजणाऱ्या भाषेत पाठांतर करते, शाळा सुटल्यावर शिकवणीला जाते आणि रात्री गृहपाठ करता करता झोपी जाते, हे ज्यांना पाहवत नाही, ते पर्याय शोधणारच. कोणाचे मूल इतरांपेक्षा संथपणे शिकते आणि चाळीस मुलांच्या वर्गात मागे पडते. कोणाला गायन, खेळ वा शास्त्राची अशी ओढ असते की वेळापत्रकाच्या चौकटीत ती गुदमरते. कोणाला आपल्या मुलाने पहिली काही वर्षे मातृभाषेतच शिकावे असे मनापासून वाटते आणि जवळपास तशी चांगली शाळा उरलेली नसते. जुलै २०२० मध्ये आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून किंवा स्थानिक भाषेतून शिक्षण देण्यावर भर दिला. परंतु धोरण वर्गात पोहोचेपर्यंत मूल थांबत नाही. ते वाढतच असते. शिक्षण ही पैसे मोजून विकत घेण्याची सेवा नसून मूल घडवण्याचे दायित्व आहे आणि ते दायित्व मुळात कुटुंबाचे आहे, ही जाणीव या पालकांना झालेली असते. ती स्वागतार्हच आहे.

प्रश्न त्यापुढचा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. घरशाळेचा निर्णय कुटुंब घेते, ती निभावते कोण?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणाने याचे उत्तर आकड्यांत दिले आहे. विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. यात मुलांची व वृद्धांची देखभाल धरलेली नाही, तिचा हिशेब वेगळा आहे आणि तिथेही पारडे स्त्रीच्याच बाजूला झुकलेले आहे. २८९ मिनिटे म्हणजे पावणेपाच तासांहून थोडे अधिक. आता अशा स्त्रीच्या दिवसाची बेरीज करून पाहावी. आठ तास पगारी काम, तीन तास मुलाचा अभ्यास, पावणेपाच तासांहून अधिक घरकाम आणि सात तास झोप. एवढ्यातच बावीस तास ४९ मिनिटे संपतात. उरलेल्या ७१ मिनिटांत स्नान, जेवण, पूजा, आजारपण, आले-गेले, मुलाची समजूत आणि स्वतःचा श्वास! नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला घरकाम काहीसे कमी येत असेल असे गृहीत धरले, तरी ही बेरीज फारशी सैल होत नाही. मग घरशाळेला लागणारा वेळ येतो कुठून? तो तिच्या झोपेतून येतो, पाठदुखीतून येतो आणि काही वर्षांनी तिने ‘स्वेच्छेने’ सोडलेल्या नोकरीतून येतो.

हे सत्य मातृशक्तीच्या गौरवाखाली झाकले जाते. ‘आईच करू जाणे’ असे म्हटले की घरातील इतरांना आपण सुटलो असे वाटते. गौरवाचे शब्द बोलून श्रमाचा वाटा टाळण्याची ही रीत आपल्या समाजात जुनी आहे आणि ती परंपरेच्या नावावर खपवली जाते, म्हणून परंपरा काय सांगते तेही पाहिले पाहिजे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत विद्या पूर्ण करून निघालेल्या शिष्याला आचार्य ज्यांना देवस्थानी मानायला सांगतात, त्यांत मातेच्या लगोलग पित्याचे नाव आहे. संस्काराचा भार केवळ मातेवर टाकून पित्याला मोकळे सोडणारे वचन तिथे नाही. वर्ध्यात १९३६ च्या विजयादशमीला लक्ष्मीबाई उपाख्य मावशी केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. समितीने स्त्रीपुढे तीन आदर्श ठेवले : जिजाऊंचे मातृत्व, अहल्यादेवींचे कर्तृत्व आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे नेतृत्व. समाजाला मात्र यातले पहिलेच तेवढे पाठ असते. कर्तृत्वासाठी आणि नेतृत्वासाठी स्त्रीला वेळ लागतो, हे तो सोयीस्करपणे विसरतो.

आणि मातृत्वाचा आदर्श म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाते, त्या जिजाऊंनी तरी सारे एकटीने केले काय? पुणे जहागिरीचा कारभार पाहतानाच त्यांनी शिवरायांना घडवले हे खरे. परंतु शहाजीराजांनी बाल शिवरायांसोबत पेशवे, मुजुमदार, डबीर, सबनीस असे जाणते कारभारी दिले होते, असे बखरी सांगतात. जिजाऊंभोवती एक पूर्ण व्यवस्था उभी होती. त्यांचे मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. उलट, मूल घडवणे ही किती माणसांनी मिळून करण्याची गोष्ट आहे, हेच त्यातून कळते. आजच्या घरशाळेत कारभारी, मुजुमदार आणि सबनीस या सगळ्यांची कामे एकाच बाईने करायची आणि वर तिने जिजाऊ व्हावे अशी अपेक्षा धरायची, हा इतिहासाचा आदर नव्हे.

घरशाळेच्या समर्थनार्थ आणखी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. ही आपली गुरुकुलाचीच पद्धत आहे, असे म्हणतात. वास्तविक गुरुकुल म्हणजे घरशाळा नव्हे. गुरुकुलासाठी मूल घर सोडून जात असे. आईच्या पदराबाहेर, परक्या छपराखाली, इतर मुलांबरोबर ते राहत असे, सरपण आणत असे आणि जे वाढले जाईल ते खात असे. सांदीपनींच्या आश्रमात गोकुळातून आलेला कृष्ण आणि दरिद्री सुदामा एकत्र शिकले, ही कथा आजही घरोघरी सांगितली जाते. कृष्णाला घरीच शिकवले असते, तर त्याला सुदामा भेटला नसता. घरी शिकवणाऱ्या पालकांनी गुरुकुलाचे नाव अवश्य घ्यावे, पण मग आपल्या मुलाला त्याचा सुदामा कुठे भेटणार, याचे उत्तरही शोधून ठेवावे.

घर आणि काम एकत्र असण्याची खरी परंपरा आपल्याकडे होती ती कारागिरांची. कुंभाराचे मूल चाकाशेजारी बसून मातीचा ओलावा ओळखायला शिकत असे, विणकराचे मूल मागाखाली खेळता खेळता धाग्यांची गणती शिकत असे. तिथे आईवडिलांचे काम हाच मुलाचा पाठ होता. काम चालू असताना शिकवणे थांबत नसे, कारण दोन्ही एकच होते. या व्यवस्थेला एक काळी बाजूही होती. जन्माने मिळालेल्या व्यवसायाच्या बेडीने पिढ्यान् पिढ्या बुद्धिमान मुलांची वाट अडवली, हे नाकारून चालणार नाही आणि तिकडे परत जाणे कोणाच्याही मनात येऊ नये. परंतु तिथली एक गोष्ट आजच्या घरशाळेत हरवली आहे. लॅपटॉपवरचे काम मुलाला दिसत नाही. त्याला दिसते ती आईची पाठ, तिच्या कानातले यंत्र आणि ‘आत्ता नको’ असा हाताचा इशारा. काम आणि शिक्षण एका छताखाली आले, पण एकमेकांना पूरक होण्याऐवजी एकाच लक्षावर हक्क सांगणारे दोन प्रतिस्पर्धी झाले. आई कामाला बसते तेव्हा मुलाकडे दुर्लक्ष झाल्याची टोचणी असते आणि मुलाजवळ बसते तेव्हा कामाची. घरून काम करणाऱ्या पालकांचा थकवा केवळ तासांचा नसतो. तो या सततच्या ओढाताणीचा असतो.

म्हणून घरशाळेचा विचार करणाऱ्या कुटुंबाने पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा नव्हे, तर कामाचा विचारावा. घरातल्या कामाची वेळ कोणाच्या हाती आहे? मार्च १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड उभे राहिले. त्या पद्धतीचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. पीठ केंद्रावर मळले जाते, सेविका भगिनी ते घरी नेतात, आपल्या सवडीने लाटतात आणि वाळलेले पापड परत आणून देतात. कामाचा मोबदला मालाच्या मापाने मिळतो. दुपारी दोन ते चार या वेळेत मूल जवळ असले म्हणून कोणी जाब विचारत नाही. भाषांतर, शिवणकाम, हिशेब लिहिणे, घरगुती खाद्यपदार्थ अशी कामे या जातीची आहेत. याउलट सातासमुद्रापलीकडील ग्राहकाच्या घड्याळाशी बांधलेली नोकरी घरात बसून केली, तरी ती घरची होत नाही. अशी नोकरी दोघांचीही असेल, तर त्या घरात शिकवायला माणूस शरीराने असतो, मनाने नसतो. तेव्हा एकाने तरी वेळ आपल्या हाती राहील असे काम निवडावे, उत्पन्न किती घटेल ते कागदावर मांडावे आणि तो ‘एक’ म्हणजे पत्नीच, असे गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे शाळेची नक्कल घरात करू नये. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक वर्गात पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवून दिले आहे. प्रत्यक्षात काही वर्ग याहून मोठे असतात. वर्गातले पाच-सहा तास तीस-चाळीस मुलांत वाटले जातात, घरी एक-दोनच मुले असतात. लहान वयात एकाग्रतेने दिलेले दीड-दोन तास पुरेसे ठरतात. बाकीचा दिवस वाचन, खेळ, हस्तकौशल्य आणि घरकाम यांत जावा. घरकाम हे अभ्यासात आलेले विघ्न नाही. वाण्याची यादी करणे, वजनमाप, कणीक मळणे, झाडांना पाणी घालणे, विजेचे देयक वाचून गेल्या महिन्याशी ताडून पाहणे यांत गणित, विज्ञान आणि जबाबदारी एकत्र शिकता येते. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पुढे बोर्डी-कोसबाडच्या परिसरात वनवासी मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा असे प्रयोग केले. मूल आपल्या हातांनी आणि परिसरातून शिकते, ही गोष्ट या मंडळींनी तेव्हाच सिद्ध केली होती. जी मुले शाळेत येऊ शकत नव्हती त्यांच्यामागे गुरे चारण्याच्या कुरणावर शाळा गेली. घरात राहणाऱ्या मुलामागे स्वयंपाकघरात आणि परसात शाळा जायला कोणती अडचण आहे?

तिसरी गोष्ट वाटणीची. ‘मी मदत करतो’ हे पुरुषाचे वाक्य घरशाळेला पुरत नाही. मदत करणारा माणूस बोलावल्यावर येतो, जबाबदारी घेतलेला न बोलावता हजर असतो. पित्याने एक-दोन विषय पूर्णपणे स्वतःकडे घ्यावेत. त्यांची तयारी, शिकवणे आणि तपासणे यांत आईला शब्दही बोलावा लागू नये. ज्या वेळी आईचे काम चालू असेल, त्या वेळी मुलांचे खाणेपिणे, भांडणे आणि दारावरची घंटा हा विभाग दुसऱ्याचा असावा. आजी-आजोबा घरात असतील, तर ते मोठेच बळ आहे. गोष्टी, पाठांतर, पाढे, भाषेचे वळण त्यांच्याइतके चांगले कोण देणार? मात्र आजी-आजोबा म्हणजे बिनपगारी शिक्षक नव्हेत. त्यांची दुपारची विश्रांती, देवदर्शन, समवयस्कांची सोबत यांना धक्का न लावता त्यांना विचारून वेळ ठरवावी. एका स्त्रीवरचा भार उतरवून तो दुसऱ्या वृद्ध स्त्रीच्या खांद्यावर ठेवणे हे संतुलन नव्हे.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात अनेक जण तिकडे काणाडोळा करतात. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्याच वेळी मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे अकरावे मूलभूत कर्तव्य ठरवले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमानुसार मुलाला नजीकच्या शाळेत प्रवेश घेऊन देणे हे पालकांचे कर्तव्य आहे. घरशाळेचा स्वतंत्र उल्लेख कायद्यात नाही. तिला स्पष्ट मान्यता नाही आणि ती करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगणारी तरतूदही नाही. व्यवहारात राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट उपलब्ध आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे टप्पे आहेत आणि चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तिची माध्यमिक परीक्षा देता येते. राज्य मंडळाचा १७ क्रमांकाचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीला बसण्याचीही सोय आहे. तिला वयाच्या व आधीच्या शिक्षणाच्या अटी आहेत. त्या अटी मूल दहा-अकरा वर्षांचे असतानाच वाचून ठेवाव्यात. चौदाव्या वर्षी जागे होणाऱ्या पालकांच्या घाईची किंमत मुलाला मोजावी लागते.

परदेशातील अनुभवही या बाबतीत बोलका आहे. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे असून घरशाळेला जवळजवळ वाव नाही. अमेरिकेत मात्र सर्व राज्यांत ती कायदेशीर आहे. तिथल्या जनगणना विभागाच्या पाहणीनुसार शालेय वयाची मुले असलेल्या कुटुंबांपैकी घरशाळा चालवणाऱ्यांचे प्रमाण २०२० च्या वसंतात ५.४ टक्के होते, ते त्याच वर्षीच्या शरदात ११.१ टक्क्यांवर गेले. या देशात घरशाळा इतकी रुजली त्याचे एक कारण तेथील पालकांनी उभे केलेले सहकारी गट हे आहे. पाच-सहा कुटुंबे एकत्र येतात, एक विज्ञान शिकवते, दुसरे संगीत, तिसरे मुलांना मैदानावर नेते. व्यक्तिवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजाला जे एकट्याने जमले नाही आणि त्याने ते मिळून साधले, ते कुटुंबवत्सल म्हणवणाऱ्या समाजातील एकेका स्त्रीने बंद सदनिकेत एकटीने करावे, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

येथेच संघटनेचे आणि कार्यकर्त्यांचे दायित्व सुरू होते. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन हा विषय आहे. तो भाषणापुरता राहू द्यायचा नसेल, तर त्याची सुरुवात कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घरापासून व्हायला हवी. संध्याकाळी शाखा, रात्री बैठक, रविवारी प्रवास, असा ज्याचा क्रम आहे, त्याच्या घरी मुलांचा अभ्यास, वृद्धांचे औषध आणि पाहुण्यांचे जेवण कोण सांभाळते, हे सर्वांना ठाऊक असते. त्या गृहिणीच्या त्यागावर कार्य उभे आहे, असे समारंभात सांगितले जाते. तो त्याग तिला विचारून घेतलेला असतो का? कार्यकर्त्याने आठवड्यातील दोन संध्याकाळी घरासाठी राखून ठेवल्या आणि त्या बैठकीइतक्याच काटेकोरपणे पाळल्या, तर कार्याची हानी होणार नाही. ज्या घरातील मुलांना पिता ओळखीचा आहे, त्याच घरातून पुढचा कार्यकर्ता घडतो.

स्थानिक पातळीवर करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक उपनगरात निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांना दुपारी तास-दोन तास शिकवण्यात आनंद वाटेल. गृहसंकुलाचे सभागृह वर्षातील बहुतेक दिवस रिकामे असते. तिथे आठवड्यातून तीन सकाळी पाच-सहा घरांतील मुले एकत्र आली, तर तेवढ्या सकाळी पाच-सहा मातांचे काम विनाव्यत्यय होईल. वाचनालय, व्यायामशाळा, गोशाळा, रोपवाटिका, सुताराचे दुकान ही सारी शिक्षणाची केंद्रे होऊ शकतात. उद्योजकांनीही आपल्याकडील घरून काम करणाऱ्यांना उपस्थितीच्या तासांऐवजी पूर्ण केलेल्या कामावर जोखावे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याचा मार्ग दाखवला होता. ही सवलत केवळ मातेपुरती न राहता पित्यालाही संकोच न वाटता मागता आली पाहिजे. आणि शासनाने घरशाळेबाबतचा संदिग्धपणा दूर करावा. साधी नोंदणी, वर्षातून एकदा मुलाच्या प्रगतीची आणि आरोग्याची सहृदय पाहणी आणि हवे तेव्हा शाळेत परतण्याची मुभा, एवढ्या तीन गोष्टी पुरेशा आहेत. त्यामुळे प्रामाणिक पालकांना निर्धास्त होता येईल आणि घरशाळेच्या नावाखाली मुलाला शिक्षणापासून वंचित ठेवणाऱ्यांना आळा बसेल.

कारण ही दुसरी शक्यता काल्पनिक नाही. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. तेही घरून केलेले कामच आहे. मोबदला नगावर असल्याने तिथे शाळेत न गेलेले मूल अक्षरे गिरवत नाही, पाने कापू लागते. मध्यमवर्गाला जी निवड वाटते, ती गरिबाच्या घरी मुलाच्या बालपणावर घाला ठरू शकते. म्हणून घरशाळेचे गुण गाताना शाळेला दूषणे देण्याचा मोह टाळला पाहिजे. सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा उघडली, महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथबालिकाश्रमाचे कार्य सुरू केले, तेव्हा स्त्रियांना घराबाहेर पडून शिकता यावे यासाठी त्यांना केवढा छळ सोसावा लागला! आज घरी बसून मुलांना आत्मविश्वासाने शिकवू शकणारी सुशिक्षित माता ही त्या शाळांचीच निर्मिती आहे. तिच्या मुलाला शाळेची गरज नसेल, तरी तिच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला ती आहे. आपले मूल घरी शिकवणाऱ्या कुटुंबाने त्या मुलीलाही संध्याकाळचा तासभर आपल्या मुलांसोबत, त्याच चटईवर बसवावे. समरसतेचा याहून सोपा पाठ नाही, आणि मुलाला त्याचा सुदामा भेटण्याची वाटही हीच आहे. शाखेचे मैदान, बालवर्ग, गणेशोत्सवातील मंडप, वस्तीतील सेवाकार्य या ठिकाणीही मूल नियमित गेले पाहिजे. चार भिंतींत वाढलेले मूल हुशार होईल, पण हरणे, वाट पाहणे, न आवडणाऱ्या माणसाशी जुळवून घेणे या गोष्टी त्याला सवंगड्यांखेरीज कोणी शिकवू शकत नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. घरशाळा हे व्रत नाही की ते मोडले तर पाप लागेल. घरात सतत चिडचिड होऊ लागली, आईचे आरोग्य ढासळू लागले, कामाच्या ठिकाणी चुका वाढल्या, मूल एकलकोंडे झाले किंवा दिवसचे दिवस पडद्यासमोर बसू लागले, तर थांबून फेरविचार करावा. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार सहा वर्षांवरील, शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला भाग भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणही देता येते. परतीची वाट मोकळी आहे. त्या वाटेने जाणाऱ्या मातेला ‘जमले नाही ना?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांनी आधी स्वतःला विचारावे, की तिला जमावे म्हणून आपण काय केले होते?

कुटुंब हा हिंदू समाजाचा कणा आहे, हे वाक्य सर्वांच्या तोंडी आहे. कणा एका मणक्याचा नसतो. अनेक मणके एकमेकांवर भार वाटून घेतात म्हणून शरीर ताठ उभे राहते. सारा भार एकावर आला की तो मणका झिजतो आणि मग सगळे शरीर वाकते. घरी शिकणारे मूल गणित आणि भाषा तर शिकेलच. परंतु त्याच्या डोळ्यांदेखत रोज एक पाठ न बोलता चाललेला असतो. घरातील काम कोण करते, कोण कोणाला पाणी देते, थकलेल्याला कोण विचारते, हे सारे ते पाहत असते. तो पाठ जर एकीने राबावे आणि इतरांनी कौतुक करावे असा असेल, तर ते मूल तेच शिकेल आणि पुढे आपल्या घरी तसेच वागेल. तो वाटून घेण्याचा असेल, तर घरशाळा यशस्वी झाली असे मानावे. मग परीक्षेत गुण किती पडले, हा प्रश्न दुय्यम राहील. ज्या घरांनी हा मार्ग स्वीकारला आहे किंवा स्वीकारण्याचे मनात आहे, त्यांनी आज रात्रीच सर्वांनी एकत्र बसून एक कागद घ्यावा, घरातील प्रत्येकाचे चोवीस तास त्यावर मांडावेत आणि ज्या रकान्यात विश्रांतीला जागा उरलेली नाही, तिथला भार आधी उतरवावा. पाटी-पुस्तके त्यानंतर आणावीत.